गेटवरचा आकडा

सकाळी साडेसातला, सोहारच्या कॉलेजात,
मी आधी दाराचा आकडा लिहून घेते.
काल आत आलेले: चौदा.
त्यात दोनदा मीच, चहाला जाऊन आलेली,
आणि एक मांजर, जिला यंत्र माणूस समजतं.

मग पडद्यावरचा आकडा:
तीन हजार दोनशे सहा.
हे सगळे बाहेरून आलेले.
कुणी बरकाच्या बसमधून, कुणी बुरैमीच्या बिछान्यातून,
आणि एक जण रोज रात्री पावणेतीनला,
मुसंदमपलीकडे समुद्रात उभ्या तेलाच्या फलाटावरून
गंजाविषयी वाचतो.
लोखंड किती दिवसांत हरतं, कुठल्या मिठाने.
त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही.
पासवर्ड मात्र तीनदा बदलून दिला,
आणि तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, शुक्रन, खाला.
खाला आमच्या घरातही मावशीच.
त्या दिवशी मी जेवणाचा डबा जरा उशिरा उघडला.

आई दापोलीहून फोनवर विचारते,
पुस्तकंच नाहीत म्हणतेस, मग तू सांभाळतेस काय?
किल्ल्या, मी सांगते.
कसल्या गो?
ते मला धड सांगता येत नाही.

मार्चमध्ये कपाटं हलवली.
गालिच्यावर त्यांच्या पायांचे खळगे राहिले,
व्हॅक्यूम फिरवला तरी उठत नाहीत.
तारखेचा रबरी शिक्का माझ्या खणात आहे,
त्याची शाई वाळून चामड्यासारखी झाली.
आता जी पुस्तकं आहेत ती आमची नव्हेत, भाड्याची.
डिसेंबर सरला आणि पैसे पोचले नाहीत
तर चाळीस हजार ग्रंथ एका रात्रीत उठून जातील,
मागे धूळसुद्धा न ठेवता.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
माझ्याही रेसिडेन्स कार्डावर तारीख आहे.

गुरुवारी दुपारी तो दारात उभा राहिला,
बूट हातात घेऊन, देवळात आल्यासारखा.
छातीवरचा बिल्ला वाचला: तहेसीन मुकादम.
मुकादम? म्हणाला, आमच्या गेवराईला मुकादम उचल देतो,
मग ऊस तोडून फेडायची.
हसला, आणि एकदम हसायचा थांबला.
अंगद शिरसाट. बंदरावर क्रेनखाली काम.
वेल्डिंग तपासनिसाची परीक्षा द्यायची आहे,
त्याची मानकं कुठे वाचायला मिळतील?
मोबाइलवर उघडून पाहिली, तर नंबर मागते.
कॉलेजचा नंबर त्याच्याकडे असणार कुठून!

मी करार काढला. सत्तावीस पानं.
जगभरातून वाचायची सोय पहिल्याच पानावर, ठळक,
आणि पार मागे, बारीक अक्षरात, अकरावं कलम:
जो स्वतःच्या पायांनी दारातून आत येईल
त्याला भिंतींच्या आत वाचू द्यावं.

भिंतींच्या आत.
या भिंती पाडून इथे कॉफीचं दुकान काढावं
असा कागद डीनच्या टेबलावर पडून आहे.

तीन नंबरच्या संगणकावर त्याला बसवलं.
माउसला हात लावण्याआधी त्याने तळवे पँटला पुसले.
उतरवून घ्यायची परवानगी नव्हती,
म्हणून वहीत काढत राहिला
सांध्यांच्या आकृत्या, पेन्सिलीने, फुटपट्टी न घेता सरळ.
एकदाच विचारलं, पोरोसिटी म्हणजे?
भाकरीत राहते ना तशी हवा, मी म्हटलं,
पण लोखंडात.
हां, म्हणाला, मग फुटणारच.

बंद करताना म्हणाला, उद्या उघडं असतं?
उद्या शुक्रवार. परवाही नाही. रविवारी.
बोटांवर मोजलं त्याने.
रविवारी रात्रपाळी आहे, म्हणजे दुपारी येतो.
मग, मुकादम, ही उचल फेडायची कशी?

मी उत्तर दिलं नाही, दिवे घालवत होते.
महिन्याच्या अहवालात पायांनी आलेल्यांसाठी
रकाना नाही, फक्त आकडा.
तरी रविवारच्या चौकटीत
मी आधीच एक रेघ मारून ठेवली.
मांजर सोडून.